माउलीची चिकाटी आणि समाजाचे देणे

दहावी-बारावीचे आणि स्पर्धा परीक्षांचे निकाल लागले की वृत्तपत्रांत एक छायाचित्र हमखास छापून येते. पत्र्याच्या खोलीचे दार, दारात उभा असलेला मुलगा किंवा मुलगी, शेजारी पदर सावरणारी आई आणि तिच्या तोंडापाशी नेलेला पेढा. खाली दोन ओळी असतात. आईने धुणीभांडी करून किंवा बांधकामावर घमेले वाहून शिकवले, तिच्या कष्टांचे मुलाने चीज केले, असा त्यांचा आशय असतो. वाचकाचे डोळे क्षणभर पाणावतात आणि पान उलटले जाते. त्या पेढ्याच्या अलीकडे पंधरा-वीस वर्षांचा जो काळ उभा असतो, त्याची कथा मात्र क्वचितच कोणी विचारतो. ती विचारावयाची झाल्यास छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, मुकुंदवाडीइतकी योग्य जागा शोधूनही सापडणार नाही.

मुकुंदवाडी हे एकेकाळचे खेडे. जालना रस्त्याच्या कडेला, चिकलठाण्याच्या अलीकडे वसलेले. चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि सत्तरच्या दशकात सिडकोने नवे औरंगाबाद वसवावयास घेतले, तेव्हा शहर आपल्या पावलांनी चालत या खेड्याच्या वेशीपाशी आले आणि पाहता पाहता त्याला ओलांडून पुढे गेले. १९८२ साली औरंगाबादची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली. पुढे वाळूजचे कारखाने उभे राहिले. कारखान्यांना कामगार हवे होते, वसाहतींना गवंडी आणि बिगारी हवे होते आणि नव्याने बांधलेल्या घरांना धुणीभांडी करणारे हात हवे होते. हे हात मराठवाड्याच्या कोरडवाहू खेड्यांनी पुरवले. जालन्याकडून, बीडकडून, परभणीकडून, वऱ्हाडाच्या सीमेवरून माणसे येत राहिली आणि मुकुंदवाडीच्या गावठाणाभोवती एकेका खोलीचे संसार थाटले गेले.

ही माणसे हौसेने आलेली नाहीत. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याला बांधावरून खडी फोडावयास बसवले. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना आकारास आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. सरकारी कामावर बायका पुरुषांच्या बरोबरीने घमेले उचलू लागल्या. स्वतःच्या नावाने हजेरी लागणे आणि स्वतःच्या हातात मजुरी पडणे हा अनेकींच्या आयुष्यातील पहिला अनुभव होता. परंतु दुष्काळ एकदाच येऊन थांबला नाही. विहिरी आटत गेल्या, जमिनीचे तुकडे होत गेले आणि मग गाव सोडण्याच्या दोन वाटा उरल्या. एक वाट उसाच्या फडाकडे जाणारी, दुसरी शहराकडे जाणारी.

फडावरच्या हिशोबात नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल त्या जोडीवर मिळते आणि बायकोची मजुरी नवऱ्याच्या हिशोबात विरघळून जाते. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड निघते ते उन्हाळ्यात परतते. म्हणजे मुलाच्या शाळेचे अर्धे वर्ष फडावर जाते. शहराकडे येणाऱ्या बाईने हे जवळून पाहिलेले असते. शहरात भाडे भरावे लागते, पाणी विकत घ्यावे लागते, सरपणाची एक काडीही फुकट मिळत नाही, हे सारे तिला ठाऊक असते. पण शहरात शाळा एका जागी राहते आणि मूलही एका जागी राहते. अक्षरओळख नसलेल्या बाईने केलेला हा हिशोब कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकातील हिशोबापेक्षा कमी पक्का नाही. स्थलांतराचा निर्णय घरात पुरुषाच्या तोंडून बाहेर पडत असेल, परंतु त्याची फेड वर्षानुवर्षे करते ती बाई.

आश्चर्याची गोष्ट अशी, की सरकारी मोजदादीत ही बाई कष्टकरी म्हणून दिसतच नाही. जनगणनेत स्थलांतराचे कारण विचारले जाते. पुरुषापुढे बहुधा ‘रोजगार’ लिहिले जाते. स्त्रीपुढे ‘विवाह’ किंवा ‘कुटुंबासमवेत’. येताना ती कुटुंबासमवेत आली हे खरेच असते. पण आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती चार घरची भांडी घासू लागते किंवा गवंड्याच्या हाताखाली उभी राहते, यासाठी त्या रकान्यात जागा नसते. नोंद नसली की मागणी नसते आणि मागणी नसली की सोय नसते. बाईच्या चिकाटीचे कौतुक करणाऱ्या समाजाने तिला कागदावर ‘सोबत आलेली’ ठरवून ठेवले आहे.

तिचा दिवस पाण्यापासून सुरू होतो. हे पाणी म्हणजे मुकुंदवाडीच्या कथेतील सर्वांत बोलका अध्याय आहे. २०१९ सालच्या उन्हाळ्यात आणि लांबलेल्या पावसात मुकुंदवाडीची काही मुले रोज आगगाडीत बसून पाणी आणावयास जात होती. मुकुंदवाडीच्या लहानशा स्थानकावर गाडी पकडायची, सुमारे सात किलोमीटरवरचे तेव्हाचे औरंगाबाद स्थानक गाठायचे, तेथील नळावर हंडे-कळश्या आणि प्लॅस्टिकचे डबे भरायचे आणि परतीच्या गाडीने यायचे. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. नऊ-दहा वर्षांची ही मुले गर्दीत अंग चोरून भांडी सांभाळीत, प्रवाशांची बोलणी खात. मुकुंदवाडीला गाडी जेमतेम थांबते. तेवढ्यात भरलेली भांडी उतरवून घ्यावयास घरची माणसे फलाटावर उभी असत. जगभरच्या वृत्तपत्रांनी ही छायाचित्रे छापली, तेव्हा शहराला आपल्या एका वस्तीची ओळख पटली.

तीन वर्षांपूर्वी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी गेली होती. तेथे एका तहानलेल्या शहरासाठी शासनाने गाडीभर टाक्या धाडल्या. मुकुंदवाडीत शासनाच्या टाक्यांच्या जागी लेकरांच्या कळश्या होत्या. पैठणचा नाथसागर, ज्याच्यावर शहराची तहान भागते, तो सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. धरण पूर्ण होऊन चाळीस वर्षे उलटल्यावर त्या पाण्याचा शेवटचा टप्पा मुलांनी आगगाडीने पार केला. नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. परंतु ज्या मुलांनी शाळेची वेळ पाण्यात घालवली, त्यांची ती वर्षे कोणत्याही जलवाहिनीतून परत येणार नाहीत.

आता मुख्य प्रश्न असा, की अशा घरातील मूल आईकडून नेमके काय घेते? ‘प्रेरणा’ हा शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. आईने मुलाला समोर बसवून उपदेश केला आणि मूल पेटून उठले, असे सहसा घडत नाही. उपदेशाला तिला सवडच नसते. मूल पाहत असते. ताप अंगात असताना आई कामावर गेली, हे ते पाहते. महिनाअखेरीस डब्यातील नोटा मोजून शाळेच्या वह्यांचे पैसे आधी बाजूला ठेवले गेले, हे ते पाहते. घरमालकिणीने दोन दिवसांचा पगार कापला तेव्हा आई भांडली की गप्प राहिली, आणि गप्प राहिली तर घरी येऊन तिचा चेहरा कसा होता, हेही ते पाहते. वाचता येत नसताना प्रगतिपुस्तक हातात घेऊन ती लाल शाईची खूण बोटाने शोधते, तेव्हा त्या बोटाखाली मुलाला जे दिसते ते कोणत्याही सुविचारात नसते. काम ठरल्या वेळी झाले पाहिजे आणि एकदा हाती घेतले की तडीस गेले पाहिजे, हा संस्कार असा न बोलता होतो.

मराठी साहित्यात याचा उत्तम दाखला ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात सापडतो. कोकणातील या कुटुंबाच्या प्रमुखाने, जे स्वतः शिक्षक होते, मुले शिकावीत म्हणून खेड्यातून रत्नागिरी शहरात बिऱ्हाड हलवले. ऊर्मिलाबाई प्राथमिक शाळेत असतानाच वडील गेले. मागे उरलेल्या आईने बांबूच्या पातींपासून सुपे-टोपल्या विणून संसार ओढला. या विणकामाच्या वस्तू म्हणजे ‘आयदान’. मुलगी शिकली, सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागली, मराठीची एम. ए. झाली, लेखिका झाली. आणि आयुष्याची कथा लिहावयास बसली तेव्हा तिने पुस्तकाला नाव दिले ते आईच्या विणकामाचे. आपले लिहिणे आणि आईचे विणणे यांची वीण एकच आहे, असे त्यांनी मानले. त्या पुस्तकातील आई देवघरात बसवलेली मूर्ती नाही. ती चिडते, रागावते, थकते आणि तरीही हातातली पाती सोडत नाही. लेखिकेने तिच्याकडून घेतले ते हेच न सोडणे.

समुद्रापलीकडेही अशीच एक आई होऊन गेली. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू याचा जन्म १९१३ साली अल्जीरियात झाला. दुसऱ्याच वर्षी वडील पहिल्या महायुद्धात कामी आले. आई दोन मुलांना घेऊन अल्जिअर्स शहरातील गरीब वस्तीत आपल्या आईच्या आश्रयाला आली आणि लोकांच्या घरी साफसफाईची कामे करू लागली. तिला नीट ऐकू येत नसे, लिहिता-वाचता येत नसे. आजीचे मत असे, की प्राथमिक शाळा संपताच पोराने कामाला लागावे. तेव्हा लुई जेर्मँ नावाचे शिक्षक त्या घरी गेले, आजीची समजूत घातली, मुलाची शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी जादा तयारी करून घेतली आणि त्याची शाळा सुटू दिली नाही. १९५७ साली काम्यूला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने त्या शिक्षकाला पत्र लिहून कळवले, की ही वार्ता कळल्यावर पहिली आठवण आईची झाली आणि दुसरी तुमची. १९६० मध्ये मोटार अपघातात त्याचा अंत झाला, तेव्हा सोबत एका अपूर्ण कादंबरीचे हस्तलिखित होते. ती त्याने अर्पण केली होती आईला, जिला ते पुस्तक कधीच वाचता येणार नव्हते.

या कथेतील मर्म शिक्षकाच्या त्या एका खेपेत आहे. आईची चिकाटी मुलाला शाळेच्या दारापर्यंत नेते. दार उघडणे मात्र तिच्या हातात नसते. त्यासाठी दाराच्या आतले कोणीतरी पुढे यावे लागते. जेर्मँ घरी गेले नसते तर आईचे कष्ट कमी खरे ठरले असते काय? ते तेवढेच खरे राहिले असते. फक्त जगाला त्यांचा पत्ता लागला नसता. मुकुंदवाडीतही पेढ्याच्या छायाचित्रापर्यंत जे घर पोचते, त्याच्या शेजारच्या घरातील आईने तितकेच घमेले वाहिलेले असते. तिचे मूल नववीत गळाले, गॅरेजमध्ये लागले, म्हणून तिची चिकाटी कमी प्रतीची ठरत नाही. यशस्वी मुलांच्या मातांचाच गौरव करणारा समाज नकळत बाकीच्या मातांवर अपयशाचा ठपका ठेवतो, हे लक्षात घ्यावयास हवे.

आणखी एक गोष्ट या गौरवात झाकली जाते. आई कामावर जाते तेव्हा घरी धाकट्याला कोण सांभाळते? नळाला पाणी आले तर शाळा बुडवून रांगेत कोण उभे राहते? बहुतेक वेळा थोरली मुलगी. एका मुलाच्या शिक्षणासाठी आईने सोसलेले हाल सर्वांना दिसतात. त्याच घरातील मुलीने सोडलेली शाळा हिशोबात धरली जात नाही. ज्या चिकाटीची आपण आरती करतो, तिचा भार अनेकदा बारा वर्षांच्या खांद्यावर टेकलेला असतो. म्हणून चिकाटीची स्तुती करण्यापूर्वी तिची गरज का पडावी, हा प्रश्न विचारणे हेच सुजाण समाजाचे लक्षण होय.

कायद्यांची वाण आहे असे नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राने कायदा केला. त्यात पाळणाघराची तरतूद होती. पण पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे. मुकुंदवाडीच्या आसपासच्या दुमजली इमारतीवर पाच-सात बायका काम करतात. त्यांच्या तान्ह्या मुलांचा पाळणा वाळूच्या ढिगाशेजारी झाडालाच बांधला जातो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला. पण जालन्याहून औरंगाबादला आलेली बाई राज्याची सीमा ओलांडत नाही, म्हणून त्या कायद्याच्या लेखी ती स्थलांतरितच नव्हती. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, ही भूषणाची गोष्ट. परंतु मंडळात नाव नोंदवावयाचे तर आधी नोंदणी नावाची काही गोष्ट असते, हे त्या बाईला कोणी तरी सांगितले पाहिजे आणि ती करण्यासाठी तिने एका दिवसाचे काम बुडवले पाहिजे.

येथे शिक्षक आणि कारकून या दोन वर्गांचा संबंध येतो. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यावयास उशीर झाला म्हणूनही नाकारता येत नाही. तरीही बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेल्या आईला ‘आधी दाखला आणा’ हे तीन शब्द ऐकावे लागले, तर दाखल्यासाठी गावी जाऊन येण्यात तिची दोन दिवसांची मजुरी आणि एस.टी.चे भाडे जाते. खिडकीमागे बसलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणणे सोपे असते. खिडकीपुढे उभी असलेली बाई त्या दोन शब्दांची किंमत रुपयांत मोजत असते. रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या बाबतीत प्रत्येक व्यर्थ खेप हा दंडच असतो, आणि तो कोणत्याही न्यायाधीशाने ठोठावलेला नसतो. एका कागदाचे काम एका खेपेत उरकणे, काय काय लागेल ते पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून देणे, पालकांची सभा कामावर जाणाऱ्या आईला येता येईल अशा वेळी घेणे, ह्या गोष्टींना अंदाजपत्रकात वेगळी तरतूद लागत नाही. मूल चार दिवस आले नाही तर घरी जाऊन चौकशी करणारा शिक्षक आजही आहे. त्याची संख्या वाढावी एवढेच.

आणि विद्यार्थी? अशा घरातून महाविद्यालयात पोचलेल्या अनेक तरुणांच्या मनात एक अवघड कोपरा असतो. वर्गमित्र घरी यावयाचे म्हणतात तेव्हा ते विषय बदलतात. आई काय करते, या प्रश्नाला ‘घरीच असते’ असे उत्तर देतात. याबद्दल त्यांना दोष देणे क्रूरपणाचे ठरेल. श्रमाला हीन लेखण्याची रीत त्यांनी निर्माण केलेली नाही. परंतु ही लाज जेव्हा गळून पडते तेव्हाच आईचा वारसा खऱ्या अर्थाने हाती येतो. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील ज्या घरांनी शाळेचा उंबराही पाहिला नव्हता, त्या घरांची मुले तेथे पदवीपर्यंत पोचली आणि पुढे त्यांतील कित्येकांनी आपल्या मातापित्यांचे कष्ट न लपवता मांडले. त्या परंपरेचे नाते मुकुंदवाडीतील आजच्या मुलामुलींशी आहे. आईचे उपकार फेडण्याची भाषा पुष्कळ होते. शिकलेल्या मुलाने शेजारच्या खोलीतील आईचा अर्ज भरून दिला, तिच्या मुलीला दहावीचे गणित शिकवले, तर ती फेड अधिक सार्थ ठरेल.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने एक निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदपत्रांत प्रथम बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम राहील. ज्या बाईला जनगणनेच्या रकान्याने ‘कुटुंबासमवेत आलेली’ म्हटले, तिचे नाव आता तिच्या मुलाच्या नावाला लागून येईल. निर्णय स्वागतार्ह आहे. २०२४ मध्ये मुकुंदवाडीत जन्मलेले मूल २०३० च्या सुमारास पहिलीच्या वर्गात बसेल. हजेरीच्या वेळी शिक्षक त्याचे नाव पुकारतील, त्यात त्याच्या आईचेही नाव असेल. त्या सकाळी ती आई कोठे असेल, कामावर, की अजूनही हंडा घेऊन रांगेत, एवढ्यावरून त्या निर्णयाचे मोल ठरेल.